शेवटी येणाऱ्या मुलीची नोंद

पी.टी.च्या तासाला जोरात पळणाऱ्या मुलांची नावं साऱ्या शाळेला पाठ असतात. शंभर मीटरला पहिलं कोण आलं, लांब उडीत विभागापर्यंत कोण गेलं, खो-खोत शेवटपर्यंत कोण टिकलं, हे मुख्याध्यापकांना विचारा नाहीतर शिपाईमामांना, उत्तर तयार असतं. त्यांचे चषक कार्यालयातल्या काचेच्या कपाटात असतात, नावं फळ्यावर लागतात. ते योग्यच आहे, घाम गाळून मिळवलेलं असतं ते. पण त्याच वर्गात, पळायचं म्हटलं की रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहणारी मुलं असतात. कुणाला धाप लागते, कुणाची चप्पल तुटकी असते, कुणाला आपल्याला हसतील याची भीती वाटते. ती किती वेळात पोहोचली हे कुणी लिहून ठेवत नाही. पहिल्या तिघांची वेळ टिपली की शिट्टी वाजते, स्टॉपवॉच खिशात जातं आणि बाकीची मुलं जशी येतील तशी येऊन बसतात.

शारीरिक शिक्षणात कॉम्प्युटरचं काय काम, असं मला विचारलं तर मी सगळ्यात आधी हेच सांगते. त्याच्यामुळे शेवटी येणाऱ्या मुलीचीही वेळ लिहिली जाऊ लागली. बाकी सगळे उपयोग माझ्या मते याच्यानंतरचे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. भिंतीपलीकडून यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो. मुलींची घरची भाषा बहुतेक तेलुगू, काहींची कन्नड, काहींची उर्दू, काहींची मराठी. वडील टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, आई घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवून तीही पानं कापायला बसते. ‘निरोगी सवयी’ हा शब्द आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात सोपा दिसतो. या घरांत तो कसा न्यायचा, हा माझ्या नोकरीतला खरा प्रश्न आहे.

आमचं मैदान लहान आहे. फक्की मारून आखलं तरी पूर्ण ट्रॅक बसत नाही, त्यामुळे ६०० मीटरसाठी मुलींना बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात. पूर्वी एवढ्या मुलींच्या फेऱ्या मोजायच्या, वेळा बघायच्या आणि वहीत लिहायच्या म्हणजे तास तिथंच संपायचा. आता फोनच्या स्टॉपवॉचमध्ये लॅपचं बटण आहे. एकेक मुलगी रेषा ओलांडते तसं मी बटण दाबते आणि माझ्याशेजारी बसलेली मुलगी तिचा हजेरी क्रमांक लिहिते. फोनमध्ये वेळांची उतरण, वहीत क्रमांकांची उतरण. दोन्ही जुळवून कॉम्प्युटर लॅबमध्ये एका तक्त्यात भरायच्या. ते काम मुलीच करतात. प्रत्येकीची एक ओळ, प्रत्येक महिन्याचा एक रकाना. चार महिने गेले की त्या ओळीची रेघ काढता येते आणि रेघ पडद्यावर आली की मुली पहिल्यांदा गप्प होतात, मग एकदम बोलायला लागतात.

सातवीतली एक मुलगी नेहमी शेवटी यायची. पहिल्या नोंदीत तिला चार मिनिटं चाळीस सेकंद लागले होते, अर्धं अंतर ती चाललीच होती. दिवाळीनंतर ती चार मिनिटं पाच सेकंदांवर आली. तरीही ती शेवटीच होती, कारण बाकीच्याही सुधारल्या होत्या. मैदानावर उभं राहून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. मलाही दिसलं नव्हतं. तक्त्यात मात्र पस्तीस सेकंदांचा फरक होता आणि त्या वर्गात तेवढा फरक दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मी तिला ती रेघ दाखवली. तिनं पडद्याला बोट लावून विचारलं, “मॅडम, हे माझंच आहे ना?” नंतरच्या आठवड्यात ती रांगेच्या टोकाला जायची थांबली. मधे उभी राहायला लागली.

जगात या विचाराला आता बराच काळ झाला आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कूपर इन्स्टिट्यूटनं १९८२ साली ‘फिटनेसग्राम’ नावाची पद्धत सुरू केली. शाळकरी मुलांच्या चाचण्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि त्यावरून प्रत्येक मुलाच्या घरी एक अहवाल पाठवायचा. त्या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट अशी की पुढे तिथं मुलाची तुलना वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी न करता, त्या वयाला निरोगी राहायला किती दम, किती ताकद पुरेशी आहे त्याच्याशी करायला सुरुवात झाली. त्या पट्ट्यात आलं की आलं. मग वर्गात तुम्ही चौथे असा की चाळिसावे.

आपल्याकडे २९ ऑगस्ट २०१९ला, मेजर ध्यानचंदांच्या जयंतीला, फिट इंडिया चळवळ सुरू झाली आणि शाळांसाठी खेलो इंडियाच्या चाचण्या अॅपवर भरायला आल्या. पहिली ते तिसरीच्या मुलांना एका पायावर तोल सांभाळणं आणि दोन चकत्यांवर आळीपाळीनं हात मारणं, चौथीपासून पुढं ५० मीटर धाव, ६०० मीटर पळणं किंवा चालणं, बसून पुढं वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर, आणि सगळ्यांची उंची-वजनं. चाचण्या चांगल्या निवडल्या आहेत. साहित्य फारसं लागत नाही, आमच्यासारख्या शाळेतही होतात. पण पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदा आकडे वर पाठवले की काम संपलं असं धरलं जातं. मुलीचा आकडा दिल्लीला पोहोचतो आणि मुलीला तो माहीत नसतो. मला ही गोष्ट फार लागते. ज्या शरीराचं माप घेतलं त्या शरीराच्या मालकिणीला ते आधी कळायला हवं, आणि त्याचा अर्थ तिच्या भाषेत सांगायला हवा.

उंची-वजनाच्या बाबतीत तर हे जपूनच करावं लागतं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र सोपं आहे, कॉम्प्युटर क्षणात उत्तर देतो. पण मोठ्या माणसांसाठी ठरवलेल्या सीमारेषा वाढीच्या वयात लागू होत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीचा आकडा अकरा वर्षांच्या मुलींच्या तक्त्यातच बघावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे ५ ते १८ वयाचे तक्ते २०१५ साली आले आहेत, ते समोर असल्याशिवाय मी तो रकाना उघडत नाही. आणि तो वर्गासमोर कधीच वाचत नाही. वजनकाटा मी पडद्याआड ठेवते. जाड मुलीला आपण जाड आहोत हे सांगायला यंत्र लागत नाही, ते तिला रोज कुणी ना कुणी सांगतच असतं. हडकुळ्या मुलीचंही तसंच.

तक्त्याचा खरा उपयोग मला एकदा वेगळ्याच कारणानं झाला. आठवीतली एक चांगली पळणारी मुलगी महिन्यामागून महिना मागं पडत चालली होती. पळताना बघून हे जाणवत नव्हतं, कारण ती पुढच्या घोळक्यातच असायची. पण तिची एकटीची रेघ उलटी चढत होती. मी तिला बसवून विचारलं तेव्हा कळलं की जिना चढतानाही तिला दम लागतो. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं. रक्तात लोह कमी होतं. दर आठवड्याला शाळेत मिळणारी निळी गोळी ती घरी नेऊन ठेवत होती, उलटी होते म्हणून. जेवणानंतर गोळी घ्यायची, तिच्यावर लगेच चहा प्यायचा नाही, एवढ्या दोन गोष्टी तिच्या आईला समजावून सांगितल्या. पळणं कमी का झालं याचं उत्तर व्यायामात नव्हतं, ते ताटात होतं. तेव्हापासून रेघ खाली-वर झाली की मी आधी ‘आळशी झालीस का’ असं विचारत नाही. झोप, जेवण, पाळी, घरचं काम, सगळं विचारते.

आता बीप टेस्टबद्दल. माझ्या मुलींना तंत्रज्ञानातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच, आणि त्याला लागतं काय तर एक ध्वनिफीत आणि एक स्पीकर. कॅनडातल्या लुक लेजे यांनी १९८२ साली आपल्या सहकाऱ्यासोबत ही चाचणी मांडली. दोन रेषा २० मीटर अंतरावर. बीप वाजली की एका रेषेवरून निघायचं आणि पुढची बीप वाजायच्या आत दुसरी गाठायची. सुरुवातीचा वेग ताशी ८.५ किलोमीटर, म्हणजे २० मीटरला साडेआठ सेकंदांच्या आसपास. आज आपण वापरतो त्या रूपात दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरनं वाढतो. बीपा जवळ-जवळ येत जातात. जमेना झालं की बाजूला व्हायचं.

याची गंमत अशी की सुरुवात सगळ्यांना जमते. ६०० मीटरमध्ये पहिल्या फेरीतच पुढचे आणि मागचे वेगळे होतात. इथं पहिली काही मिनिटं सगळा वर्ग एका ओळीत पळतो, जाड, बारीक, उंच, ठेंगणी, सगळ्या बरोबर. ज्या मुलीला आयुष्यात कुणाच्या बरोबरीनं पळायला मिळालेलं नाही, तिला ती दोन मिनिटं मिळतात. मग एकेक जण बाजूला होते आणि बाजूला झालेल्या आत पळणाऱ्यांची टाळ्या वाजवून गिनती करतात. तेलुगूत मोजतात. ओकटी, रेंडू, मूडू. माझं मोजणं त्यांच्या आवाजात बुडून जातं. लहान मैदानालाही २० मीटर परवडतात, पावसाळ्यात आम्ही तर व्हरांड्यात बेंच सरकवून घेतली आहे. शाळेकडं फार पैसे नसले आणि एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी म्हणेन, बरा आवाज असलेला स्पीकर घ्या.

दुसरी गोष्ट संथगती चित्रणाची. साध्या फोनमध्येही आता सेकंदाला १२० चित्रं टिपणारा कॅमेरा असतो. सोलापूर जिल्ह्याला खो-खोचं वेड आहे, वेळापूरचं नाव तर खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून आमच्या मुलींचा उत्साह आणखी वाढला आहे. पाटीत बसलेली मुलगी खो मिळाल्यावर उठते तेव्हा पहिलं पाऊल कुठं टाकते, खांबाला वळताना हात कुठं धरते, सूर मारताना मान वर ठेवते की नाही, हे मी तोंडानं शंभर वेळा सांगते. तिला पटत नाही, कारण तिच्या मनात ती बरोबरच करत असते. हळू चाललेलं स्वतःचं चित्र बघितलं की एका वेळेत समजतं. मीही काही बोलत नाही, फोन तिच्या हातात देते. गुडघे आणि कोपरं वाचतात हा मोठा फायदा. चुकीचा सूर मारून आपटलेली मुलगी पुन्हा मैदानात यायला घाबरते, आणि मग तिचं खेळणं कायमचं सुटतं.

नाडीच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे. मनगटाला बांधायच्या पट्ट्या हिरवा उजेड त्वचेत सोडतात, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजतात. हे विज्ञान मी आनंदानं शिकवते. पण आधी बोटं. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं. बसल्यावर किती, दोरीवरच्या उड्या मारल्यावर किती, दोन मिनिटं विसावा घेतल्यावर किती. हे आकडे तक्त्यात भरतात. व्यायाम वाढेल तसे ठोके लवकर खाली येतात हे त्यांना स्वतःच्या बोटांनी कळलेलं असतं, पडद्यावर फक्त त्याची खूण पटते. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. चार शब्दांपुढं बोलवत नाही, म्हणजे जोराचा. याला ना बॅटरी लागते ना रेंज.

आणि पावलं. घरोघरी फोनवर पावलं मोजायची पद्धत आली आहे, वडीलधारी माणसंही ‘आज दहा हजार झाली’ असं सांगतात. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरी संशोधनातून आलेला नाही. टोकियोच्या १९६४च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीनं कमरेला लावायचा एक पाऊलमापक बाजारात आणला, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा लक्षात राहण्यासारखा होता आणि तो जगभर पसरला. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०च्या मार्गदर्शनात सांगितलेलं माप वेगळं आहे. ५ ते १७ वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा, दम लागणारा व्यायाम. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के शाळकरी मुलं यात कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. मुलींचा आकडा बघितला की मला माझ्या मैदानाच्या कडेला बसलेल्या मुली दिसतात.

पण फोनला सगळं दिसत नाही, हेही मुलींना कळायला हवं. फोनच्या आत एक चिमुकला भाग असतो, तो तीन दिशांचे हिसके ओळखतो. चालण्याचा हिसका ठरावीक तालात येतो, म्हणून त्याला पाऊल समजतं. डोक्यावर भरलेली घागर आहे की रिकामे हात आहेत, हे त्याला समजत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की सगळं घर कामाला लागतं. त्या दिवशी भरलेल्या घागरी घेऊन जिना चढणाऱ्या मुलीची पावलं कमी भरतात आणि दम दुप्पट लागतो. उलट विड्या वळायला मदत करणारी मुलगी तासन्‌तास मांडी घालून बसते, तिची बोटं थकतात, मान आखडते, आणि तिच्या दिवसाला फोन ‘विश्रांती’ समजतो. म्हणून आमच्या तक्त्यात मी एक रकाना घरकामाचा ठेवला आहे. पाणी भरणं, भावंड कडेवर घेणं, बसून केलेलं काम किती वेळ. काम हे खेळाची जागा घेत नाही, असं माझं ठाम मत आहे. कामानं शरीर एकाच बाजूनं झिजतं, खेळानं ते सगळ्या बाजूंनी मोकळं होतं. पण मुलगी दमलेली का आहे हे न विचारता तिला आणखी दोन फेऱ्या सांगणं अन्यायाचं आहे.

एका आईनं मला मैदानावर येऊन सांगितलं होतं, “हिला जास्त पळवू नका मॅडम, घरी आल्यावर काम कोण करणार?” मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला बसून पुढं वाकायची चाचणी करायला लावली. तिची बोटं गुडघ्याच्या थोडी पुढं जाऊन थांबली. तिचं वय फार नव्हतं. मुलीची बोटं पायाच्या बोटांच्या पुढं गेली. आई हसली, पण बराच वेळ स्वतःच्या पायांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, हे माझंही सुधारतं का. सुधारतं. विड्या वळताना मधे उठायचं, भिंतीला हात टेकून खांदे मोकळे करायचे, टाचा वर-खाली करायच्या. मुलीनंच घरी ते शिकवलं.

व्यायाम घरापर्यंत नेण्यात सगळ्यात मोठी अडचण फोनचीच आहे. फोन वडिलांचा असतो, वडील पाळीवर. रात्री तो घरी येतो तेव्हा मोठा भाऊ घेतो. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा हे उघडंवाघडं दिसलं. पडद्यावर पी.टी. घ्यायची आणि समोर एका खोलीत पाच माणसं. उडी मारली की खालच्या घरातून ओरडा. म्हणून जे काही करायचं ते फोन नसलेल्या मुलीला गृहीत धरून करायचं, हा माझा नियम झाला. यंत्र शाळेत, सवय घरात. महिन्याला एक कागदी कार्ड देते, त्यावर तीस चौकोन. ज्या दिवशी तासभर हालचाल झाली तो चौकोन रंगवायचा. महिनाअखेर तेच कार्ड तक्त्यात जातं.

जिथं फोन आहे तिथं क्यूआर कोडचा छान उपयोग झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२०मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. त्यांच्यावरून मला सुचलं की व्यायामाच्या कार्डावरही कोड लावावा. चित्रफिती मुलींनीच केल्या. सूर्यनमस्काराच्या बारा स्थिती नववीच्या मुलीनं करून दाखवल्या आणि दुसरीनं शेजारी उभं राहून तेलुगूत सांगितल्या. बाहेरच्या गोऱ्यागोमट्या प्रशिक्षकाची चित्रफीत बघून आया लाजतात. आपल्या गल्लीतली पोर सांगतेय म्हटल्यावर बघतात.

पदकं, तारे, गुण यांचा खेळ मी मुद्दाम ठेवलेला नाही. व्यायामाच्या अॅपांमध्ये ते भरपूर असतं आणि मुलांना पहिल्या आठवड्यात आवडतंही. पण १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास माझ्या मनात पक्का बसला आहे. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रं घेतली, आणि नंतर मोकळ्या वेळात मात्र ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. पळण्याचा आनंद काही मुलींना नुकताच सापडलेला असतो. त्याच्यावर किंमत चिकटवायची मला धास्ती वाटते.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा येते तेव्हा या सगळ्याला वेगळाच रंग चढतो. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक ते उंच ध्वज तोलत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. त्याचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो. कंबर, पाठ, पोटऱ्या, श्वास, सगळं तयार करावं लागतं. आमच्या काही मुलींचे काका-मामा त्यात असतात. मी मुलींना सांगते, त्यांना विचारून या, सराव कसा करतात, कधी जेवतात, किती झोपतात. मग नकाशावर तो मार्ग काढून अंतर मोजायचं, आपल्या ६०० मीटरशी ताडून बघायचं. आरोग्याच्या पुस्तकातला ‘सातत्य’ हा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागत नाही.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप मला मान्य आहे. आठवड्याला पी.टी.चे तास आधीच थोडे, परीक्षा जवळ आली की तेही गणिताला जातात, त्यात आकडे भरत बसायचं का? नाही बसायचं. मैदानाचा तास मैदानावरच गेला पाहिजे. नोंद महिन्यातून एकदा, तीही पळता-पळता. आकडे भरणं आणि रेघा काढणं आम्ही कॉम्प्युटरच्या तासाला जोडून घेतलं आहे. त्या शिक्षकांना तक्ता शिकवायचाच असतो, आणि खोट्या दुकानाच्या खोट्या हिशेबापेक्षा मुलींना स्वतःच्या वेळांची सरासरी काढायला जास्त आवडतं. ज्या दिवशी यंत्रामुळे मुली बसून राहिल्या, त्या दिवशी यंत्र कपाटात गेलं पाहिजे.

मार्चपासून आमच्याकडे ऊन तापतं, पुढं पारा चाळिशी ओलांडतो. सकाळची शाळा सुरू झाली की सगळ्या चाचण्या पहिल्या दोन तासांत. फोनवर तापमान बघण्याची जबाबदारी एका मुलीवर असते आणि तिनं नाही म्हटलं तर मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी पळायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

या नोंदी कुणाच्या, हा प्रश्न पालकांनी विचारला नसता तरी मी विचारला असता. मुलीचं वजन, तिचा दम, तिचा आजार हे सगळं त्या ओळीत असतं. डिजिटल माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा नसता तरी तेवढं करायलाच हवं होतं. आम्ही नावं न घालता क्रमांक घालतो. फाइल शाळेच्या एकाच मशीनवर, कुलूप घातलेली. शाळेच्या कार्यक्रमात, व्हॉट्सअॅपच्या गटात कुणाचाही आकडा जात नाही, चांगला असला तरी नाही. फुकट मिळणारी आणि मुलांची माहिती मागणारी अॅप मी घेत नाही.

दहावीच्या मुली जाताना मी प्रत्येकीला तिच्या ओळीची छापील प्रत देते. पाचवीतल्या पहिल्या ६०० मीटरपासून शेवटच्या बीपपर्यंत. मग तिच्यासमोर तिची ओळ मशीनवरून पुसते. पुसायचं बटण तीच दाबते. यंदापासून त्या कागदाच्या मागं मी आणखी एक तक्ता छापणार आहे, रिकामा, अकरावी-बारावीसाठी. कारण शाळा सुटली की मुलींचं पळणं सुटतं, हे मी दर वर्षी बघते. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी पहाटे येऊन आपली वेळ मोजायची असेल तर फाटक उघडं ठेवू द्या, अशी मी संस्थेकडं मागणी केली आहे. फक्की आणि स्पीकर माझ्याकडं आहेत.